पहिली भेट की तोंडी परीक्षा? हार्मोन उपचारांची एक गाइडलाइन वाचताना

या ब्लॉगवर आपण एरवी एकेक शोधनिबंध घेऊन तो उलगडून बघतो. आज शोधनिबंधाऐवजी गाइडलाइन घेतली आहे. पेट किंवा नेट देऊन संशोधनाकडे वळणाऱ्या बऱ्याच जणांना गाइडलाइन म्हणजे सगळं सिद्ध झालेलं ज्ञान वाटतं. पेपरवर शंका घ्यायची असते हे आपण शिकतो, पण मोठ्या संघटनेचं नाव असलेली जाडजूड गाइडलाइन समोर आली की हातातली पेन्सिल खाली ठेवतो. ती खाली ठेवू नका, एवढंच सांगायला ही पोस्ट आहे.

गाइडलाइन आहे अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीची. वायली हेम्ब्री आणि सहकाऱ्यांनी लिहिलेली, २०१७ साली प्रसिद्ध झालेली; तिची पहिली आवृत्ती २००९ ची. ट्रान्स स्त्रिया आणि ट्रान्स पुरुष यांना हार्मोन उपचार कसे द्यावेत, हा तिचा विषय. जगभरातले हार्मोनतज्ज्ञ डॉक्टर तिचा आधार घेतात. मी ती एका ठरावीक प्रश्नासकट वाचली. पिंपरी-चिंचवड किंवा चाकणमध्ये काम करणारी एखादी व्यक्ती हार्मोन सुरू करण्यासाठी पहिल्यांदा डॉक्टरांकडे निघाली असेल, तर या दस्तऐवजाचा तिला काय उपयोग? आणि तो कुठे कमी पडतो?

हाच पट्टा का, तर इथे हा प्रश्न कागदावरचा राहिलेला नाही. २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल म्हणून कामावर घेतलं, त्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. बातमीत न येणारेही असतात. ठेकेदाराकडून लाइनवर लागलेले, आधार कार्डावर जुनंच नाव असलेले, आठवड्याला शिफ्ट बदलणारे. पहिल्या भेटीसाठी त्यांना एक खाडा करावा लागतो, आणि त्या दिवसाचा पगार जातो. एवढं करून मिळालेली पंधरा-वीस मिनिटं वाया जाऊ नयेत, ही अपेक्षा काही फार मोठी नाही.

आधी खुणा वाचायला शिकू

या गाइडलाइनमधल्या प्रत्येक मुख्य वाक्यापुढे कंसात दोन खुणा असतात. पहिली खूण १ किंवा २. १ म्हणजे ‘आम्ही शिफारस करतो’, २ म्हणजे ‘आम्ही सुचवतो’. दुसरी खूण चार वर्तुळांची. त्यातली जितकी भरलेली, तितका पुराव्याचा दर्जा वरचा. या पद्धतीला ‘ग्रेड’ म्हणतात. वैद्यकशास्त्रात जाणार असाल तर ती तुम्हाला पुन्हा पुन्हा भेटेल.

दोन उदाहरणं घेऊ. हार्मोन सुरू करण्याआधी पुढे मूल होण्याच्या शक्यतेबद्दल, म्हणजे शुक्रजंतू किंवा बीजांड जपून ठेवण्याच्या पर्यायांबद्दल डॉक्टरांनी बोललं पाहिजे, या वाक्यापुढे १ आहे आणि तीन वर्तुळं भरलेली आहेत. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी तपासणी आणि रक्तचाचणी करावी, या वाक्यापुढे २ आहे आणि दोनच वर्तुळं. प्रत्यक्षात काय होतं? रक्तचाचण्यांची यादी लगेच हातात पडते, मुलांचा विषय मात्र ‘तुम्हाला कशाला लागणार’ म्हणून राहून जाऊ शकतो. दस्तऐवजाचा क्रम याच्या उलट आहे. म्हणून पहिल्या भेटीला जाणाऱ्याने हा प्रश्न स्वतःच काढावा. टेस्टोस्टेरॉन सुरू करणाऱ्या ट्रान्स पुरुषांसाठी त्याला अजून एक बाजू आहे. टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नव्हे. पाळी थांबली तरी गर्भ राहू शकतो, आणि गर्भारपणात हे औषध चालत नाही.

आता सगळ्यात जास्त चुकीची वाचली जाणारी गोष्ट. दोनच वर्तुळं भरली आहेत म्हणजे उपचार लागू पडत नाहीत, असा अर्थ होत नाही. अर्थ एवढाच की नेमका किती परिणाम होतो याचा आपला अंदाज अजून कच्चा आहे. २०२० मध्ये कॉक्रेनच्या आढाव्यात ट्रान्स स्त्रियांच्या हार्मोन उपचारांवरचे अभ्यास शोधले गेले. त्यांच्या कडक निकषांत बसणारा एकही पूर्ण झालेला अभ्यास सापडला नाही. काही लोक यावरून ‘पुरावाच नाही’ असं म्हणतात. निकषांच्या चाळणीतून काही खाली पडलं नाही, एवढंच त्या आढाव्याने सांगितलं. डब्यात धान्य होतं की नव्हतं, हा वेगळा प्रश्न.

चाळणीत बसेल असा अभ्यास या विषयात करता येतो का? मेलबर्नच्या नोलान आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये तो करून दाखवला. टेस्टोस्टेरॉन सुरू करू इच्छिणाऱ्या ६४ प्रौढांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला लगेच औषध, दुसऱ्याला तीन महिन्यांनी. लगेच सुरू केलेल्या गटात देहाबद्दलची घुसमट, नैराश्य आणि आत्महत्येचे विचार कमी झाले. मला यातली रचना आवडली. त्या क्लिनिकमध्ये तीन महिने थांबावं लागतच होतं, त्यामुळे अभ्यासासाठी म्हणून कोणाला नेहमीपेक्षा जास्त ताटकळत ठेवलं नाही. मर्यादाही लक्षात ठेवा. कोणाला औषध मिळतंय हे सगळ्यांना माहीत होतं, आणि काळ तीनच महिन्यांचा होता.

दोन ठाम शिफारशी, एकच खोली

आता माझी मुख्य टीका. गाइडलाइनमध्ये प्रौढांच्या उपचारांच्या सुरुवातीलाच दोन शिफारशी शेजारी शेजारी येतात. पहिली, उपचारांआधी डॉक्टरांनी निदानाचे निकष पूर्ण होतात याची खात्री करावी. दुसरी, हार्मोनमुळे बिघडू शकतील असे आजार आधी शोधून त्यांची सोय लावावी. दोन्हींपुढे १, दोन्हींपुढे तीन वर्तुळं. सुट्या वाचल्या तर दोन्ही रास्त वाटतात. पण त्या एकाच खोलीत, एकाच अर्ध्या तासात, एकाच माणसावर लागू होतात. तिथे त्या एकमेकींच्या आड येतात.

पहिल्या शिफारशीमुळे डॉक्टर परीक्षक होतात आणि समोरचा माणूस परीक्षार्थी. दुसरीसाठी मात्र त्याच माणसाने मन मोकळं करून सगळं सांगायला हवं. कोणत्या गोळ्या घेतल्या, कधीपासून, सिगारेट किती, घरात कोणाला रक्ताच्या गुठळीचा त्रास झाला, झोप कशी आहे, जिवाचं बरंवाईट करावंसं कधी वाटलं का. परीक्षेला बसलेला माणूस मार्क जातील असं उत्तर देईल का?

ही नुसती माझी शंका नाही, तिला इतिहास आहे. हॅरी बेंजामिन यांचं या विषयावरचं पुस्तक १९६६ साली आलं, आणि त्यांच्या नावाच्या संघटनेने उपचारांची पहिली मानकं १९७९ मध्ये काढली. त्या काळात क्लिनिकमध्ये येणाऱ्यांची हकीकत पुस्तकातल्या वर्णनाशी अगदी तंतोतंत जुळायची. संशोधक खूश होते. कारण उशिरा लक्षात आलं. येणाऱ्यांनीही तेच पुस्तक वाचलेलं होतं. सँडी स्टोन यांनी १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात हे नेमकं मांडलं आहे. मोजण्याच्या पद्धतीनेच मोजमाप बिघडवलं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला संशोधनपद्धतीच्या तासाला कोणी दिलं नव्हतं.

आज निकष सैल झाले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीत ही स्थिती मानसिक आजारांतून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली गेली, आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण तोंडी परीक्षेची भीती एका यादीने जात नाही.

लपवलेल्या गोळीचं रसायनशास्त्र

या भीतीची किंमत काय, ते एका गोळीवरून बघू. डॉक्टरांपर्यंत पोचण्याआधीच काही ट्रान्स स्त्रिया मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून घेतात. स्वस्त, चिठ्ठीशिवाय सहज मिळणाऱ्या. माला-डी घ्या. तिच्यात एथिनिल एस्ट्रॅडिओल ०.०३ मिलिग्रॅम आणि लेव्होनॉर्जेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम असतं. पहिल्या नावात ‘एस्ट्रॅडिओल’ आहे म्हणून ते शरीरातलंच हार्मोन आहे असं समजू नका. रेणूला जोडलेल्या एका छोट्या एथिनिल गटामुळे यकृत त्याला लवकर मोडू शकत नाही, आणि रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांवर त्याचा परिणाम जास्त होतो. नेदरलँड्समधल्या टोरियन्स आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या अभ्यासात हा फरक रक्ताच्या नमुन्यांत दिसला. अशेमन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ९६६ ट्रान्स स्त्रियांच्या दीर्घ पाठपुराव्याचे निष्कर्ष दिले. त्यात एथिनिल एस्ट्रॅडिओल चालू असणाऱ्यांमध्ये हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू होण्याचा धोका सुमारे तिप्पट आढळला.

आता प्रयोगशाळेत या. एस्ट्रॅडिओलच्या नेहमीच्या चाचणीतलं प्रतिपिंड एस्ट्रॅडिओल ओळखतं. एथिनिल गट लागलेला रेणू त्याला ओळखीचा वाटत नाही. म्हणजे रोज गोळी घेणाऱ्या व्यक्तीच्या रिपोर्टवर एस्ट्रॅडिओल कमी येऊ शकतं, आणि शरीरावर मात्र तशाच औषधाचा जोरदार अंमल चालू असतो. गोळीची गोष्ट न सांगता हा रिपोर्ट डॉक्टरांपुढे ठेवला, तर त्यांना वाटेल की सुरुवात शून्यापासून आहे. वरून ते नवीन औषध देतील. इथे रिपोर्ट खोटा नाही आणि डॉक्टरही चुकलेले नाहीत. एक वाक्य बोललं गेलं नाही, एवढंच. म्हणून पहिल्या भेटीला जाताना घेतलेल्या प्रत्येक गोळीचं रिकामं पाकीट सोबत न्यावं. तोंडाने सांगायला जड जात असेल तर पाकिटं टेबलावर ठेवली तरी चालतं.

अशीच दुसरी न सांगितली जाणारी गोळी बायोटिनची. केस-नखांसाठी ती सर्रास घेतली जाते आणि तिला कोणी औषध मानत नाही. पण बऱ्याच हार्मोन चाचण्यांची यंत्रणाच बायोटिन आणि स्ट्रेप्टाविडिन यांच्या घट्ट बंधावर उभी असते. रक्तात बायोटिन जास्त असलं की अशा यंत्रावर एस्ट्रॅडिओल किंवा टेस्टोस्टेरॉन खोटंच वाढलेलं दिसू शकतं, तर टीएसएच किंवा प्रोलॅक्टिन खोटंच कमी. रक्त देण्याआधी ती किती दिवस बंद ठेवायची, हे लॅबला विचारून घ्या.

‘लिंग’ या रकान्याचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाप्रमाणे हिमोग्लोबिनची खालची मर्यादा पुरुषांसाठी १३ आणि स्त्रियांसाठी १२ ग्रॅम. केस पेपरवर ‘पुरुष’ लिहिलेल्या, उपचार चालू असलेल्या ट्रान्स स्त्रीचं हिमोग्लोबिन १२.५ आलं तर रिपोर्टवर ‘कमी’ छापून येतं. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या, ‘स्त्री’ नोंद असलेल्या ट्रान्स पुरुषाचं नेहमीचं हिमोग्लोबिनही ‘जास्त’ ठरतं. संगणक रकाना बघून खूण करतो. त्या खुणेचा अर्थ डॉक्टरांकडूनच समजून घ्यायचा.

चाकणच्या लाइनवर गाइडलाइन

शरीरातलं टेस्टोस्टेरॉन कमी करण्यासाठी ट्रान्स स्त्रियांना देतात त्या औषधांत स्पायरोनोलॅक्टोन आहे. मुळात ते रक्तदाबाचं औषध. लघवी वाढवतं आणि पोटॅशियम शरीरात धरून ठेवतं. गाइडलाइन सांगते, पोटॅशियम तपासत राहा. बरोबरच आहे. पण प्रेस शॉपमध्ये उन्हाळ्यात आठ तास उभ्या असणाऱ्या माणसाचा विचार करा. लाइन सोडून जायला ठरलेलीच वेळ, आणि कोणत्या स्वच्छतागृहात जायचं हाच प्रश्न. असा माणूस काय करतो? पाणी पिणं कमी करतो. लघवी वाढवणारं औषध आणि मुद्दाम कमी प्यायलेलं पाणी एकत्र आलं की चक्कर येते, तीही चालू यंत्रासमोर. हा धोका पोटॅशियमच्या आकड्यात दिसणार नाही. तो कळायला डॉक्टरांनी ‘काम काय करता?’ एवढंच विचारायला हवं. त्यांनी विचारलं नाही, तर आपण सांगायचं.

शिफ्टचंही सांगायचं. शरीरात तयार होणारं टेस्टोस्टेरॉन झोपेबरोबर वाढतं, म्हणून चाचणी सकाळी करायची पद्धत आहे. नाइट करून आलेल्याची सकाळ आठ म्हणजे त्याची संध्याकाळ. इंजेक्शन घेणाऱ्यांसाठी एनान्थेट किंवा सायपिओनेट या प्रकारांची पातळी दोन इंजेक्शनांच्या मध्यावर बघावी, असं गाइडलाइन म्हणते. आपल्याकडे चार एस्टरचं मिश्रण असलेलं इंजेक्शनही वापरात आहे. त्यामुळे नुसता आकडा पुरत नाही. इंजेक्शन कोणतं, कोणत्या तारखेला घेतलं, रक्त कधी दिलं, या तीन नोंदी हव्यात. त्या ठेवायला शिफ्टचं कॅलेंडर पुरेसं आहे.

तक्ता आणि तारीख

या गाइडलाइनमधला सगळ्यात जास्त नकललेला भाग म्हणजे बदलांच्या वेळापत्रकाचे तक्ते. ट्रान्स पुरुषांची पाळी १ ते ६ महिन्यांत थांबते, आवाज ६ ते १२ महिन्यांत बसू लागतो. ट्रान्स स्त्रियांच्या छातीची वाढ ३ ते ६ महिन्यांत सुरू होते आणि पूर्ण व्हायला २ ते ३ वर्षं लागतात. हे आकडे परीक्षेच्या वेळापत्रकासारखे फिरतात. तक्त्याखालची तळटीप मात्र फारसं कोणी वाचत नाही. ती सांगते की हे अंदाज दवाखान्यातल्या निरीक्षणांवरून बांधलेले आहेत. म्हणजे सहाव्या महिन्यात काही दिसलं नाही म्हणून स्वतःच डोस वाढवायला हा तक्ता आधार देत नाही.

गाइडलाइनवर तारीखही असते, हे विसरू नका. सायप्रोटेरोन ॲसिटेट या औषधाचा डोस २०१७ च्या या दस्तऐवजात दिवसाला २५ ते ५० मिलिग्रॅम आहे. मधल्या काळात मोठ्या डोसचा मेंदूच्या आवरणातल्या गाठींशी असलेला संबंध पुढे आला, आणि २०२० मध्ये युरोपच्या औषध नियामकाने त्यावर बंधनं घातली. डब्ल्यूपॅथ या जागतिक संघटनेच्या २०२२ च्या आठव्या मानकांत तोच डोस १० मिलिग्रॅम आहे. दोन्ही दस्तऐवज नावाजलेले. जुना पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरत राहतो आणि नवा कोणी पाठवत नाही.

आपल्याकडेही काम झालं आहे. आयडीईए या हार्मोनतज्ज्ञांच्या गटाने २०२० मध्ये ट्रान्स स्त्रिया आणि ट्रान्स पुरुष यांच्यासाठी दोन स्वतंत्र एकमत-निवेदनं प्रसिद्ध केली. त्याच वर्षी असोसिएशन फॉर ट्रान्सजेंडर हेल्थ इन इंडियाने भारतीय मानकांची पहिली आवृत्ती काढली. २०१९ च्या कायद्याच्या कलम १५ मध्ये हार्मोन उपचारांसह वैद्यकीय सेवा, आधीचं आणि नंतरचं समुपदेशन आणि एक आरोग्य पुस्तिका, ही सरकारची जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे. तज्ज्ञांचं एकमत पुराव्याच्या उतरंडीत खालच्या पायरीवर असतं. तरी सुरुवात तिथूनच होते. त्यावर इथल्या लोकांच्या नोंदींची भर घालणं हे पुढचं काम, आणि ते तुमच्यापैकी कोणाचं तरी आहे.

तर मग पिशवीत काय न्यायचं?

जुने रिपोर्ट, गोळ्यांची पाकिटं, घरातल्या आजारांची यादी, कामाचं आणि शिफ्टचं स्वरूप, स्वतःला नेमका कोणता बदल हवा आहे आणि कोणता नको आहे याच्या दोन ओळी, आणि विचारायचे प्रश्न लिहिलेला कागद. मुलांचा प्रश्न त्यात सगळ्यात वर. मनात आत्महत्येचे विचार येत असतील तर तेही सांगायचं. ते सांगितलं की औषध नाकारतील, अशी भीती वाटते. ते न सांगता सुरू झालेल्या उपचारात मदत मात्र अर्धीच मिळते. ईएसआयचं कार्ड असेल तर त्यात कोणत्या चाचण्या आणि औषधं बसतात, हे चिंचवडच्या रुग्णालयात आधी विचारून घ्यावं. महापालिकेच्या वायसीएमला जाणार असाल तर त्या विषयाची ओपीडी कोणत्या वारी असते, ते खाडा करण्याआधी विचारावं. औषध कोणतं आणि किती, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचं.

माझं मत विचाराल तर ही गाइडलाइन चांगली आहे. आपला पुरावा कुठे कच्चा आहे, हे ती वर्तुळं रिकामी ठेवून स्वतःच सांगते. एवढा प्रामाणिकपणा बऱ्याच पेपरांत सापडत नाही. तिची उणीव दोन शिफारशींमधल्या जागेत आहे. प्रत्येक वाक्याला तिने दर्जा दिला, पण ती वाक्यं एकत्र आल्यावर समोरच्या माणसाचं काय होतं, हे तपासलं नाही. तुम्ही पुढच्या वेळी कोणतीही गाइडलाइन वाचाल, मग ती मधुमेहाची असो की क्षयरोगाची, तेव्हा प्रत्येक शिफारशीचा दर्जा जरूर बघा. मग दोन शिफारशी शेजारी ठेवा आणि त्या दोन्ही पाळायला सांगितलेल्या माणसाची जागा घेऊन बघा. संशोधनाचा प्रश्न बहुतेक वेळा तिथेच सापडतो.